दुभाष्या

"हा मेला गीझर पुन्हा गार पाणी सोडतोय."

वाक्य साधंच होतं. असली वाक्यं मी आयुष्यभर पोत्यानं बोलत आले. पण त्या सकाळी बाथरूममध्ये बादलीत हात घालून उभी असताना ते माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझी मीच दचकले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून कित्येक महिने माझ्या तोंडून दोन शब्द एकमेकांना धरून निघाले नव्हते, आणि हे अख्खं वाक्य होतं. कर्ता, क्रियापद, शिवी, सगळं जागच्या जागी. मी ते पुन्हा म्हणून पाहिलं. 'गीझर'पाशी जीभ जरा घसरली, पण आलं. मी नळाला धरून उभ्याउभ्या रडले.

मग गाऊन चढवला आणि बाहेर धावले. उजवा पाय अजून ओढावा लागत होता, पण माझ्या मानानं ते धावणंच होतं.

हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. हे म्हणजे माझा नवरा. समोर जाड कागद, कात्री, रंगीत पेन्सिली. माझ्यासाठी नवं चित्राचं कार्ड काढायचं चाललं होतं आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. मला बघताच पेन्सिल टाकून उठले. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग ओल्या हाताकडे, मग बाथरूमच्या दाराकडे.

"थांब, सांगू नकोस," म्हणाले. "पाणी. पाणी गेलं? नाही, हात ओला आहे. गार! पाणी गार आहे. गीझर बिघडला!"

मी मान हलवली.

"बघ," हे म्हणाले, "आज कार्डसुद्धा लागलं नाही."

यांचा चेहरा इतका उजळला होता की माझं वाक्य घशातच राहिलं. यांनी लगेच गीझरवाल्याला फोन लावला आणि त्याला गीझरचं सांगायच्या आधी हे सांगितलं, की बायकोला बोलता येत नाही, पण मला तिच्या नजरेवरून कळतं. गीझरवाल्याला त्याचं काय. पण हे सांगत राहिले. मी म्हटलं, असू दे, आजचा दिवस यांचा. उद्या सांगू.

तो उद्या काही उजाडला नाही.

ही लबाडी कशी झाली ते समजायला आम्ही दोघं आधी कशी होतो ते सांगायला हवं. मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत नोकरी केली. कुठली गाडी कुठून सुटते, का सुटत नाही, आणि सुटली नाही म्हणून माझ्यावर ओरडून उपयोग का नाही, हे सांगण्यात माझी हयात गेली. इमारतीतले लोक मला रेडिओ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. हे पाणीपुरवठ्याच्या गोदामात होते. नळजोड, झडपा, पाइप यांच्या राशीत बसून आले-गेलेलं सामान बघायचं. एकदा मला म्हणाले होते, "मी एक दिवस गेलो नाही तर कुणाला कळणार नाही." मग एकदा ताप आला म्हणून खरंच गेले नाहीत, आणि कुणाला कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर तर यांची पारच रया गेली. सकाळी पेपर घेऊन खिडकीशी बसायचे ते निविदांच्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचून काढायचे. मग फ्रिज उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. मी यांना पाहुणे म्हणायला लागले. पाहुणे, पाय वर घ्या, पुसायचंय. पाहुणे, चहा झाला. एका संध्याकाळी हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "काही लोकांना कळतं म्हणे, आपण कशासाठी जन्माला आलो ते."

"तुम्हाला कळलं की मलाही सांगा," मी म्हटलं. "तोवर तो बेसिनचा नळ गळतोय तेवढा बघा."

हे हसले. मीही हसले.

मग मला झटका आला. हात-पाय हळूहळू परत आले, पण बोलणं गेलं. सगळं गेलं म्हणावं तर एक शब्द तेवढा राहिला, आणि तो होता 'बरं'. आयुष्यात ज्या बाईनं कुणाचं एक ऐकून घेतलं नाही तिच्या तोंडात देवानं नेमका हा शब्द ठेवावा, यावर आमच्या मुलालासुद्धा दवाखान्यात हसू आवरलं नाही. तहान लागली, बरं. दुखतंय, बरं. माझ्या उशाशी बसून बडबडू नका, बरं. डोक्यात सगळं स्पष्ट दिसायचं आणि तोंडातून भलतंच निघायचं. मी उशीवर मुठी आपटायची.

तेव्हा या माणसानं पेन्सिल हातात घेतली. तोवर यांनी कधी साधी रेघ सरळ ओढल्याचं मला आठवत नाही. पण एक दिवस माझ्यासमोर एक चौकोनी कागद धरला. त्यावर एक कप होता, कान तुटलेला. आमच्या घरातला माझा कप. बाजारात मिळणाऱ्या छापील चित्रांत कप असतो, पण तो कुणाचाच नसतो. हा माझा होता. मी त्यावर बोट ठेवलं, हे धावत जाऊन चहा घेऊन आले. मग पंखा आला, माझी निळी चादर आली, मुलगा आला भल्यामोठ्या कानांसकट. 'मला एकटीला बसू द्या' याचं चित्र काढायला यांना दोन दिवस लागले. शेवटी एक खुर्ची काढली आणि दाराबाहेर जाणारी स्वतःची पाठ काढली. ती पाठ हुबेहूब होती.

माझे बोलण्याचे उपचार चालू होते ते केंद्र दवाखान्याच्या मागच्या बाजूला होतं. एक लांबट खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि आमच्या मुलाहूनही लहान अशी एक मॅडम. आठवड्यातून एकदा आम्हा मुक्या झालेल्यांची टोळी तिथे जमायची, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. यांची कार्डं तिथे सगळ्यांनी बघितली आणि मग काही विचारू नका. एका टॅक्सीवाल्याच्या मुलीनं वडिलांसाठी मागितली. एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या सुनेनं मागितली. हे त्यांच्या घरी जायचे, कप बघायचे, खुर्ची बघायची, कुत्रा बघायचा, आणि येऊन काढत बसायचे. टॅक्सीवाल्याला एक कार्ड हवं होतं, 'माझ्याशी लहान मुलासारखं बोलू नका' असं. ते यांना बरोबर जमलं. टॅक्सीवाला ते येईल त्याच्या तोंडापुढे धरायचा.

केंद्रातले लोक यांना दुभाष्या म्हणायला लागले. हे रोज दाढी करायला लागले. फोनवर मुलगा मला म्हणाला, "आई, बाबांचा आवाज ऐकलास का? मी त्यांना असं कधी ऐकलंच नव्हतं." मी म्हटलं, "बरं." तेव्हा तेवढंच येत होतं.

म्हणजे गीझरच्या त्या सकाळी मी कुठे उभी होते ते कळलं असेल. मला बोलता यायला लागलं होतं, आणि माझ्या न बोलण्यावर या माणसाचा संसार नव्यानं उभा राहिला होता.

मी चोरून बोलायला लागले. हे दूध आणायला उतरले की मी बोलायची. कुकरशी बोलायची, कपाटाशी बोलायची. चौकशीच्या खिडकीतली जुनी वाक्यं म्हणून बघायची: ती गाडी उशिरा धावत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. दिवसागणिक जीभ सुटत गेली. जिन्यात यांची पावलं वाजली की मी तोंड मिटून घ्यायची. मग हे आत येऊन माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, काय हवंय ते ओळखायचे, आणि ओळखता आलं की लहान मुलासारखे खूश व्हायचे. कधीकधी मला काहीच नको असायचं. तरी मी काहीतरी हवंसं वाटून घ्यायची. एकदा नको असताना शाल मागितली आणि मे महिन्याच्या उकाड्यात ती पांघरून बसले.

मन खात होतं. खात होतं म्हणजे रात्रंदिवस खात होतं. मी स्वतःची समजूत घालायची की हे सगळं यांच्यासाठीच. आयुष्यभर या माणसाला कुणी विचारलं नाही, आता विचारताहेत, तर माझी थोडी जीभ गेली म्हणून काय झालं. ऐकायला छान वाटायचं. आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असंही वाटून जायचं, आणि मग उकडत असलेल्या अंगावरची ती शाल टोचायची.

मॅडमला संशय आला होता. एकदा हे टॅक्सीवाल्याशी बोलत असताना ती माझ्याशेजारी येऊन बसली. "आजी," हळूच म्हणाली, "तुमची प्रगती थांबलीय. मेंदूची थांबलीय असं मला तपासताना वाटत नाही." मी खाली बघितलं. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि उठून गेली. त्या पोरीच्या नजरेला नजर द्यायची मला नंतर कधी हिंमत झाली नाही.

आणि मग ते दोघं आले. नवराबायको, विशी-पंचविशीतली. तो रंगारी. परांचीवरून पडून डोक्याला मार लागला होता, अंगानं धडधाकट, पण शब्द गेलेले. त्याच्या नखांत अजून पांढरा रंग होता. ती बिचारी घाबरून अर्धी झालेली. घरी तान्ही मुलगी होती, ती शेजारणीकडे ठेवून यायची. यांनी त्या दोघांना पदराखाली घेतलं म्हणा ना. त्यांच्या घरी जाऊन आले आणि एक गठ्ठाच्या गठ्ठा करून दिला. भाकरीचा डबा, शिडी, ब्रश, पाळण्यातली मुलगी. मुलीचं कार्ड तर इतकं गोड होतं की त्याची बायको ते बघून रडली.

कार्डांबरोबर यांनी तिला विद्याही दिली. "त्याचा चेहरा बघत राहायचं," हे तिला सांगायचे. "ओठ हलायला लागले की ओळखायचं. त्याला त्रास द्यायचा नाही. तो शोधत बसायच्या आत आपण कार्ड पुढे करायचं. आमच्या हिला आता तोंडही उघडावं लागत नाही."

आणि माझ्याकडे अभिमानानं बघायचे. मी नमुना होते. मी मान हलवायची.

मॅडम म्हणाली होती, "आजोबा, थोडं थांबत जा, त्याला शोधू दे." पण हे म्हणाले, "मॅडम, माणूस तडफडतो हो, बघवत नाही." आणि खरंच यांना बघवत नव्हतं. यांचा जीव चांगला होता. चूक तिथेच होती.

त्या दिवशी आम्ही गोल बसलो होतो. मॅडम प्रत्येकाला घरच्या माणसाचं नाव म्हणायला सांगत होती. टॅक्सीवाल्यानं मुलीचं नाव ओढूनताणून म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगाऱ्याची पाळी आली. मॅडमनं विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव काय?"

त्यानं तोंड उघडलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. गळ्याची शीर फुगली. मी समोरच बसले होते. मला ते जागेवरून दिसत होतं. जी तिथून जाऊन आली आहे तिलाच दिसेल. नाव त्याच्या दातांपाशी आलं होतं. अजून एक धक्का, आणि पडलं असतं बाहेर.

त्याच्या बायकोनं पटकन पाळण्याचं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. "ही ना? हीच म्हणायची आहे ना?"

त्याचा चेहरा विझला. त्यानं कार्डावर बोट ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकला. हे म्हणाले, "शाब्बास," तिला.

मॅडमनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा ओठ जुळवले. ती पुन्हा कार्ड उचलायला लागली, आणि हात उचलण्याआधी तिनं यांच्याकडे बघितलं, आणि यांनी तिला मानेनं हो म्हटलं.

मला सगळं एकदम दिसलं. ही पोर हे शिकली यांच्याकडून, आणि हे शिकले माझ्याकडून. मी जर त्या गीझरच्या सकाळी तोंड उघडलं असतं तर यांना कळलं असतं की वाट बघितली की बाई बोलते. मी गप्प बसले, म्हणून यांनी धडा घेतला की बोलायची गरजच नसते. आता हा धडा एका तरण्याताठ्या बापाच्या गळ्यात अडकला होता आणि तिकडे तान्ही मुलगी बापाच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय मोठी होणार होती.

"कार्ड खाली ठेव, बाळ," मी म्हटलं. "येतंय त्याला. त्याचं त्याला म्हणू दे."

त्या पोरीच्या हातातून कार्ड मांडीवर पडलं. मी यांच्याकडे बघितलं नाही. रंगाऱ्याकडे बघत राहिले, आणि तो माझ्याकडे. बराच वेळ गेला. मग त्यानं ते नाव म्हटलं. अर्धंच आलं, शेवट गिळला गेला, पण ते त्याचं होतं, त्यानं स्वतः ओढून काढलेलं. त्याची बायको तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. लोक टाळ्या वाजवत होते.

हे वाजवत नव्हते.

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. हे खिडकीतून बाहेर बघत होते. आमचा थांबा जवळ आला तेव्हा म्हणाले, "कधीपासून?"

"गीझर बिघडला होता तेव्हापासून."

यांनी हिशेब केला असावा. कारण थोड्या वेळानं म्हणाले, "शाल."

"हो."

घरी आल्यावर टेबलावरच्या पेन्सिली डब्यात भरल्या, कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन खिडकीशी बसले. मी बोलत होते. किती बोलत होते! चहा घेता का, मुलाचा फोन आला होता, खालच्या मजल्यावर कुणी नवं आलंय, मला माफ करा, भाजी काय करू, माझं चुकलं. शब्द अडायचे, उलटसुलट व्हायचे, मी पुन्हा पकडून आणायची. हे पानं उलटत राहिले. यांना राग आला असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. हे पुन्हा पाहुणे झाले होते, आणि या खेपेला ते मी थट्टेनं केलं नव्हतं.

केंद्राचा दिवस आला. मी विषय काढणार नव्हते. पण बघते तर हे दाढी करून, शर्ट घालून दाराशी चप्पल शोधत होते.

"कुठे निघालात?"

"केंद्रात. त्या दोघांना सांगायचं आहे की मी चुकीचं शिकवलं. आणि मॅडमना विचारायचं आहे, वाट कशी बघायची ते. मला ते येत नाही."

"मी येते."

"तुला आता काय गरज?" हे टोचून म्हणाले नाहीत. खरंच विचारलं.

मी भिंतीला धरून उभी राहिले. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, माझ्याशीसुद्धा. "मी तुमच्यासाठी गप्प बसले असं मला वाटत होतं," मी म्हटलं. "ते... ते तसं नव्हतं. इतकी वर्षं मी बोलत होते आणि तुम्ही पेपर वाचत होतात. बोलणं गेलं तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायला लागलात. मला वाटलं, बोलले तर पुन्हा पेपर. मला ते... मला ते सोडवेना."

मध्ये मी दोनदा अडले होते. हे एका पायात चप्पल घालून उभे होते. माझं बोलून संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

"आणि मला वाटलं होतं," हे म्हणाले, "की शेवटी का होईना, मी कुणाच्या तरी कामाचा आहे."

"आहात हो. टॅक्सीवाल्याला विचारा. त्या पोरीला विचारा. तुम्ही खरंच..."

"ते तू नको सांगूस," हे म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. "तुझं मला आता कळत नाही, खरं कुठलं आणि माझं मन राखायला कुठलं. मला तिथे जाऊन माझं मला बघू दे."

दुसरी चप्पल घातली आणि निघाले. जिन्यात पावलं वाजली, खालचं फाटक वाजलं. मी दारातच उभी होते. बोलायला पुष्कळ होतं, आणि सगळं येत होतं.